बांधलेली मेंदी : इराणी हनाबंदानातील अलंकृत वस्तू

इराणातील विवाहाच्या पूर्वरात्री होणाऱ्या ‘हनाबंदान’ या विधीचा मराठीत ‘मेंदीचा समारंभ’ असा अर्थ दिला की शब्दाचे काम भागते. परंतु वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते मूळ विधीचे राहत नाही. त्याला वधूचे पसरलेले तळहात दिसतात आणि त्यांवर काढलेल्या वेली, कोयऱ्या व जाळ्या दिसतात. इराणच्या पठारी प्रदेशातील रूढ विधीत असे काही बहुधा काढले जात नाही. कालवलेल्या मेंदीचा एक गोळा तळहाताच्या मध्यावर ठेवतात, कधी बोटांची अग्रे तिने माखतात, मूठ मिटवतात आणि वरून कापड बांधतात. नक्षी असते ती त्या कापडावर, मेंदी ज्या तबकातून आली त्या तबकावर आणि वधूची वस्त्रे ज्यात गुंडाळून आणली त्या चौकोनी रुमालावर. हातावर उरतो तो केवळ एक तांबडा गोल ठसा. या वस्तूंचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे. नाहीतर समीक्षक नक्षीची वाखाणणी करील आणि ती त्या जागी का आली हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जाईल.

विधीच्या नावातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. ‘हना’ हा शब्द फारसीत अरबीतून आला. ‘बंद’ हे ‘बस्तन’ म्हणजे बांधणे या धातूचे वर्तमानकालीन रूप. संस्कृत ‘बन्ध्’ आणि मराठी ‘बांधणे’ यांचे ते सख्खे नातलग असून अंगरख्याच्या ‘बंदा’मधून ते मराठीच्या अंगावरही वावरत आले आहे. शेवटचा ‘आन’ हा प्रत्यय फारसीत प्रसंगवाचक नामे घडवितो. ‘अक्दकुनान’ म्हणजे विवाहकराराचा प्रसंग, ‘आश्तीकुनान’ म्हणजे रुसवा मिटविण्याचा प्रसंग, ‘शिरीनीखुरान’ म्हणजे गोड खाण्याचा, अर्थात मराठी साखरपुड्याच्या जवळचा प्रसंग. या सर्व नामांत विधीतील एकच क्रिया निवडली जाते आणि तिच्यावरून संपूर्ण प्रसंगाला नाव पडते. हनाबंदानात निवडली गेलेली क्रिया बांधण्याची आहे. मेंदी वाटणे, कालविणे, मिरवीत आणणे, हातावर ठेवणे या क्रियाही त्या रात्री होतातच; ‘हना गुजाश्तन’, म्हणजे मेंदी ठेवणे, असा प्रयोगही बोलण्यात सररास आहे. तथापि, प्रसंगाचे नाव बांधण्याला मिळाले.

हे नाव सहजासहजी पडलेले नाही, हे शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे कळते. तब्रीजच्या बाजूची तुर्की वळणाची अझरी भाषा याच विधीला ‘खिनायाख्दी’ म्हणते. त्यातील धातू माखण्याचा, लेपण्याचा आहे. मराठीत मेंदी लावतात आणि नक्षीची असेल तर ती ‘काढतात’. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तशीच मेंदी काढतात. मराठीने येथे मेंदीची गणना रेखाकलेत केली आहे, आणि त्यामुळे मेंदीच्या भांड्याकडे मराठी मनाचे कधी लक्ष गेले नाही. भिजवलेली मेंदी घरातल्या कोणत्याही वाटीत चालते. माखणे, काढणे आणि बांधणे ही तीन क्रियापदे म्हणजे एकाच पानाच्या चूर्णाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी होत. जेथे काढतात तेथे त्वचा हाच फलक होतो. जेथे बांधतात तेथे त्वचा झाकली जाते, आणि डोळ्यांसमोर राहते ते झाकणारे वस्त्र.

बांधण्याची ही क्रिया केवळ प्रतीकात्मक नाही. मेंदीतील रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनाशी सावकाश जोडले जाते. त्यासाठी लेप कित्येक तास ओलसर आणि उबदार राहावा लागतो. वाळून गळून पडला तर रंग फिका येतो. तळहात आणि तळपाय यांचा वरचा थर जाड असल्याने रंग तेथेच सर्वांत गडद चढतो. म्हणून गोळा तळहातावर, आणि म्हणून रात्रभर बंधन. या बंधनाचा व्यावहारिक परिणाम असा की, ज्याला मेंदी बांधली तो काही काळ निरुपयोगी होतो; त्याला स्वतःच्या हाताने पाणीही पिता येत नाही. फारसी वाक्प्रचाराने हे नेमके पकडले आहे. एखाद्याला ऐन वेळी अडचणीत सोडून देणे याला ‘त्याचा हात मेंदीत ठेवणे’ असे फारसीत म्हणतात. लग्नाच्या रात्री मात्र हीच असहायता मानाची ठरते. त्या रात्री वधूने काही करावयाचे नसते. तिच्यासाठी इतरांनी करावयाचे असते, आणि इतरांनी हाताळावयाच्या वस्तू म्हणूनच सजविलेल्या असतात.

या वस्तूंपैकी सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ‘बुगचे’, अर्थात वस्त्रे बांधण्याचा चौकोनी रुमाल. संपन्न घरात तो यज्द किंवा किरमानच्या ‘तर्मे’ या दाट विणीच्या रेशमी अथवा लोकरी कापडाचा असे. किरमानात लोकरीच्या जाड कापडावर रंगीत लोकरीने सर्व पृष्ठ भरून टाकणारे ‘पते’ नावाचे भरतकाम होते. इस्फहानात ठशांनी छापलेले कलमकारी सुती कापड त्या कामी येई. दक्षिणेकडे, होर्मुझच्या किनाऱ्यावर, सोनेरी तारेचे ‘गुलाबेतून’ भरतकाम प्रिय आहे. मराठीतील ‘कलाबतू’ तो हाच शब्द. या सर्वांवर जी आकृती पुनःपुन्हा येते तिला फारसीत ‘बुते’ म्हणजे झुडूप म्हणतात, मराठीत कोयरी म्हणतात. ती वाऱ्याने वाकलेला सरू आहे की ज्वाला, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. तो वाद येथे बाजूस ठेवता येईल, कारण आकृतीच्या उगमापेक्षा तिच्या जागेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही.

या चौकोनी कापडांची एक रूढ मांडणी ‘लचक-तुरंज’ या नावाने ओळखली जाते. गालिच्यांवरही तीच असते. मध्यभागी तुरंज, म्हणजे महाळुंगाच्या आकाराचे मोठे पदक, आणि चार कोपऱ्यांत चार ‘लचक’, म्हणजे त्रिकोणी कोनाकृती. पुष्कळदा या कोनाकृती म्हणजे मधल्या पदकाचेच चार चतकोर असतात. कापड भिंतीवर पसरून लावले की दृष्टी साहजिकच मध्याकडे जाते आणि कोपरे दुय्यम वाटतात. संग्रहालयात ते असेच लावतात आणि छायाचित्रातही ते असेच येते. पण रुमाल पसरून ठेवण्यासाठी विणलेला नसतो. त्याची शोभेची बाजू खाली ठेवून, आतील अस्तरावर वस्त्रे रचून, चारही टोके मध्याकडे दुमडली म्हणजे मधले पदक तळाशी जाऊन दिसेनासे होते. आणि वर चार चतकोर एकमेकांना भिडून नवे पदक पूर्ण होते. बोचके बांधणारीच्या हातून ही नक्षी प्रत्येक वेळी नव्याने जुळते, सोडताना मोडते. ‘बंदान’ या शब्दाचा याहून चांगला चित्रमय अर्थ सापडणे कठीण आहे. सपाट पसरलेल्या कापडावरून मांडणीच्या समतोलाविषयी केलेले विवेचन कितीही सूक्ष्म असले तरी ते दुसऱ्याच वस्तूविषयी असते, असे म्हणणे भाग आहे.

विसाव्या शतकात घरोघरी न्हाणीघरे होईपर्यंत मेंदीचा विधी पुष्कळ ठिकाणी हमामाशी जोडलेला होता. वधूला हमामात नेताना बुगच्याबरोबर ताम्हनासारखे रुंद ताट आणि पाणी ओतण्याचे ‘तास’ नावाचे वाटीवजा भांडे जात असे. मराठीत वेळेचे मान होऊन बसलेला ‘तास’ हा शब्द मूळचा याच कुळातला. तांब्याच्या या भांड्यांवर कोरीव काम करीत, आणि त्यांना कल्हई करीत. हाही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आहे. मेंदी कालविताना लिंबू किंवा अन्य आंबट द्रव घातल्यास रंग चांगला सुटतो. परंतु आंबट पदार्थ उघड्या तांब्यात कळकतो. कल्हईचे कारण व्यवहारातले आहे. तिच्या रुपेरी पृष्ठभागावर ओल्या मेंदीचा शेवाळी हिरवा रंग उठून दिसतो हा तिचा दुसरा लाभ, आणि कारागिराला तो अनपेक्षित होता असे मानण्याचे कारण नाही.

वराच्या घरून वधूच्या घरी मेंदी येते ती तबकात. फारसीत त्याला ‘तबक’, ‘सिनी’ अथवा ‘खुंचे’ म्हणतात. पहिला शब्द मराठीच झाला आहे. दुसऱ्याचा मूळ अर्थ ‘चिनी’. तिसरा ‘ख्वान’ या मोठ्या थाळीच्या नावाचे लघुरूप आहे. तबक डोक्यावर घेऊन, दायरे वाजवीत, नाचत आणले जाते. मेंदीच्या ओल्या लगद्यातच मेणबत्त्या रोवलेल्या असतात. येथे एका गोष्टीचे विशेष कौतुक केले पाहिजे. मेंदी हीच शमादानाचे काम करते. निराळी बैठक लागत नाही. वाहून नेताना मेणबत्ती कलत नाही, आणि भोवतीच्या ऐन्यात व कल्हईत तिची ज्योत दुणावते. जी वस्तू उद्या हातावर केवळ डाग म्हणून उरणार, ती आज प्रकाशाची बैठक झालेली असते. तबकाभोवतीच्या पाकळ्या, नाणी व झिरझिरीत वस्त्र यांची गर्दी प्रदेशाप्रदेशागणिक बदलते. तिच्या तपशिलात शिरण्याने हाती विशेष काही लागत नाही.

अलंकार वस्तूवर आहे, देहावर नाही, या स्थितीचा सर्वांत मोठा परिणाम विवाहाच्या बाहेर दिसतो. करबलाच्या रणभूमीवर इमाम हसन यांचा तरुण पुत्र कासिम याचा विवाह त्याच्या मृत्यूच्या आधी लागला, अशी कथा शिया लोकपरंपरेत रूढ आहे. हुसेन वाइज काशिफी याच्या १५०२ च्या सुमारास रचलेल्या ‘रौजतुश्शुहदा’ या ग्रंथाने ती लोकप्रिय केली. धर्मपंडितांनी तिला वारंवार आक्षेप घेतला. मुर्तजा मुतहरी यांनी १९६९ मधील व्याख्यानांत तिची गणना करबलाच्या वृत्तान्तात घुसलेल्या विकृतींत केली. परंतु विद्वानांच्या निषेधाने कथा मागे हटली नाही. ताजियेच्या नाट्यप्रयोगात कासिमचा विवाह उभा राहतो, आणि मोहरमच्या शोकमिरवणुकीत मेंदीचे तबक मेणबत्त्यांसह जसेच्या तसे निघते. वधू नाही, वर नाही, मेंदी बांधून घेणारा हातही नाही. तबक एकटे चालते, आणि पाहणाऱ्यांना रडू आवरत नाही.

हे शक्य झाले ते तबक स्वतःच अर्थपूर्ण होते म्हणून. अलंकार त्वचेवर असता तर त्वचेबरोबर गेला असता. या अनुमानाला भारतातूनच एक पुष्टी मिळते. उत्तर भारतात विवाहातील मेंदी हातावर नक्षीने काढली जाते. तरीही लखनौत मोहरमच्या सातव्या तारखेला कासिमच्या नावाने जी ‘मेंदी’ निघते ती हातावरची मेंदी नव्हे, ती सजविलेल्या तबकांची आणि दिव्यांची मिरवणूक असते. एकाच शब्दाचे दोन विधी, आणि शोकाच्या विधीने इराणी वस्तूचा मार्ग धरलेला.

इराणच्या रस्त्यांवर अविवाहित तरुणाच्या मृत्यूनंतर ऐने व दिवे लावलेला एक उंच मनोरा उभारतात. त्याला ‘हजले’, म्हणजे वधूवरांची खोली, असे नाव आहे. येथेही विवाहाचा अलंकार विवाह न झालेल्याच्या वाट्याला येतो. १९८० ते १९८८ या काळातील इराण-इराक युद्धात असे हजले गल्लोगल्ली दिसत. त्याच युद्धात चढाईच्या पूर्वरात्री सैनिक आपल्या हातांना मेंदी लावून घेत, आणि त्या रात्रीलाही ‘हनाबंदान’ हेच नाव होते. खंदकात कोरीव तबकाची अपेक्षा कोणी ठेवली नसेल. जे शतकानुशतके वस्तूंनी सांगितले होते ते तेथे नुसत्या नावाने सांगितले.

वर मांडलेल्या भेदाला एक मर्यादा घालून घ्यावी लागते. इराण हा एकजिनसी प्रदेश नाही. होर्मुझचा किनारा, त्यावरील बेटे आणि बलुचिस्तान येथे हातावर वेलबुट्टी काढण्याची चाल आहे. खाडीपलीकडील अरब चालीशी तिचे उघड साम्य आहे. आणि नेमक्या याच भागांत कापडावरचे भरतकामही अत्यंत समृद्ध आहे. म्हणजे अलंकार एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवला जातो, हातावर वाढला की कापडावर घटतो, असा हिशेबी नियम काढता येत नाही. इतकेच म्हणता येते की, पठारी विधीत वस्तूंवर जो अर्थाचा भार पडतो तो किनाऱ्यावर हात आणि वस्तू यांत वाटला जातो. यज्दच्या ‘माझारी’ नावाच्या गिरण्यांत, जेथे पूर्वी उंटांनी फिरविलेल्या प्रचंड जात्यांखाली मेंदी दळली जाई, तेथे पाने येत ती बमसारख्या दक्षिणेकडील उष्ण प्रदेशांतून. पान तेच, पीठ तेच, क्रिया मात्र निराळी.

आज तेहरानच्या बाजारात हनाबंदानाचा संपूर्ण संच तयार मिळतो. काचेचा वाडगा, जाळीदार कापडाची झालर, कृत्रिम फुले, विजेवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या. त्याची हेटाळणी करणे सोपे आहे, आणि जुन्या तर्म्याशी तुलना केली तर हा संच टिकणार नाही हे उघड आहे. परंतु स्वस्तपणा हा त्याचा खरा दोष नव्हे. जुन्या काळीही गरिबांच्या घरी तर्मे नव्हतेच. दोष असा की, त्यातील वस्तूंना काम उरलेले नाही. विजेच्या मेणबत्तीला मेंदीची बैठक लागत नाही, त्यामुळे मेंदी तबकात शोभेपुरती एका कोपऱ्यात जाते. पुष्कळदा हातावर नखाएवढा ठिपका देऊन तो लगेच पुसला जातो. बंधन सुटले, आणि बांधण्यासाठी असलेले कापड झालर होऊन लोंबू लागले. याच्या उलट, एखाद्या खेड्यातील साध्या छापील रुमालाने रात्रभर बांधलेली मूठ ही परंपरेच्या अधिक जवळची आहे, मग त्या रुमालाची नक्षी कितीही ओबडधोबड असो.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मेंदीचे विधी, सौंदर्यदृष्टी आणि सामाजिक व्यवहार यांची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. ती नोंद १६ अरब देशांनी मिळून मागितली होती; इराण त्यांत नाही. मानापमानाचा प्रश्न राजकारणाकडे सोपवावा. अभ्यासकाच्या दृष्टीने अडचण वेगळी आहे. विधीची नोंद ‘अमूर्त’ या सदरात होते, तबक धातुकामाच्या दालनात जाते, बुगचे वस्त्रांच्या दालनात, शमादान आणखी कोठे. हमाम, लग्नघर आणि शोकमिरवणूक यांतून एकत्र फिरलेल्या वस्तू द्रव्यानुसार वेगळ्या पडतात आणि त्यांना एकत्र धरणारे क्रियापद कोणत्याच नोंदवहीत येत नाही. रुमालाच्या नोंदीत लांबी, रुंदी, वीण आणि रंग यांबरोबर तो कसा दुमडला जाई हे लिहावयास एक ओळ पुरे. घड्यांच्या झिजलेल्या रेषा कापडावर पुष्कळदा दिसतात. अस्तरावर तांबूस डाग असला, तर तो धुण्यासाठी पाठविण्यापूर्वी त्याची जागा टिपून घ्यावी.